इंग्रजी उत्तराला विशेषण लावताना

'त्याने उडवाउडवीची उत्तरे दिली' या साध्या मराठी वाक्याचे इंग्रजी करावयाचे झाले तर आपल्यापैकी किती जण ते न अडखळता करतील? मी हे वाक्य वर्गातील काही मित्रांपुढे ठेवून पाहिले. कोणी 'राँग आन्सर्स' म्हटले, कोणी 'बॅड आन्सर्स' म्हटले, तर एका पठ्ठ्याने 'फ्लाइंग आन्सर्स' असे शब्दाला शब्द लावून मोकळे केले. 'त्याने' आणि 'दिली' यांपाशी कोणीही थांबले नाही. सगळ्यांची गाडी अडली ती उत्तराच्या विशेषणापाशी.

आपण मराठी माध्यमातून आलेली मुले. इंग्रजी उत्तराचे वर्णन करण्यासाठी आपल्या गाठीला चारच विशेषणे असतात : गुड, बॅड, पोलाइट आणि रूड. एवढ्या भांडवलावर आपण कादंबरीतील पात्राच्या स्वभावावर दोन पानांचे उत्तर लिहावयास बसतो, आणि मग पात्र कोणतेही असो, ते कधी 'गुड रिप्लाय' देते तर कधी 'रूड रिप्लाय' देते. याचा अर्थ उत्तरांतले बारकावे आपल्याला कळत नाहीत असा मुळीच नाही. मराठीत आपण तुटक, मोघम, गुळमुळीत, सडेतोड, रोखठोक, खोचक, तिरकस, उर्मट, थातुरमातुर, मार्मिक, समर्पक अशी उत्तरे रोज ऐकतो, देतो आणि ओळखतोही. बारकावा डोक्यात असतो. तो इंग्रजीत कोठे ठेवावयाचा हे मात्र ठाऊक नसते.

येथे दोन भाषांच्या स्वभावातला एक फरक लक्षात घ्यावा लागतो. मराठी माणूस उत्तराबद्दलचा आपला निवाडा बहुधा क्रियापदात घालतो. 'त्याने कानावर हात ठेवले', 'त्याने वेळ मारून नेली', 'ती फणकारली', 'साहेबांनी झटकून टाकले', 'त्याने हात वर केले'. या एकाही वाक्यात 'उत्तर' हा शब्द नाही, तरी उत्तर कसे होते ते नेमके कळते. इंग्रजीतही अशी क्रियापदे आहेत, परंतु त्या भाषेची सोयीची वाट वेगळी आहे. ती 'गेव्ह' किंवा 'मेड' असे एक फिकट क्रियापद घेते, पुढे 'रिप्लाय' हे नाम ठेवते आणि सगळा निवाडा मधल्या विशेषणावर सोपविते : 'ही गेव्ह अॅन इव्हेजिव्ह रिप्लाय.' आपले 'उडवाउडवीचे' ते हेच. हा साचा एकदा हाती आला की अर्धे काम झाले. या साच्याची आणखी एक सोय आहे. 'कर्ट'पासून 'कर्टली' हे क्रियाविशेषण करता येते, म्हणून 'ही रिप्लाइड कर्टली' हेही चालते. पण 'फ्रेंडली' किंवा 'सिली' यांसारख्या, मुळातच 'ली'कारान्त असलेल्या विशेषणांना पुन्हा 'ली' कोठे लावणार? तेथे 'गेव्ह अ फ्रेंडली रिप्लाय' हीच वाट मोकळी राहते. आणि या साच्यातील 'अ' किंवा 'अॅन' विसरू नये. मराठीत उपपद नसल्यामुळे आपण ते हटकून गाळतो, आणि परीक्षकाची लाल पेन्सिल पहिल्यांदा तेथेच फिरते.

'आन्सर' आणि 'रिप्लाय' यांत आपण सहसा भेद करीत नाही. इंग्रजी तो करते. गणिताचे, कोड्याचे, अडचणीचे असते ते 'आन्सर'. कोणी बोलले किंवा लिहिले, त्यावर आपण उलट बोललो किंवा लिहिले तर तो 'रिप्लाय'. म्हणूनच 'करेक्ट आन्सर', 'राँग आन्सर' कानाला बरोबर वाटते आणि 'करेक्ट रिप्लाय' खटकते. खरेखोटेपणाची विशेषणे 'आन्सर'कडे ओढली जातात, तर रीतीची, स्वराची, हेतूची विशेषणे 'रिप्लाय'शी अधिक जमवून घेतात. क्रियापद म्हणून वापरताना 'आन्सर'ला 'टू' चालत नाही, 'रिप्लाय'ला त्यावाचून चालत नाही, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

आता प्रत्यक्ष विशेषणांकडे वळू. पहिली गोष्ट उत्तराच्या लांबीची, आणि आपल्या वऱ्हाडातल्या मुलांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावयाचे ते येथेच.

थोडक्यात दिलेल्या उत्तराला इंग्रजीत निदान पाच विशेषणे लावता येतात : ब्रीफ, टर्स, लॅकॉनिक, पिथी आणि कर्ट. कोशात पाहिले तर पाचांच्याही पुढे 'संक्षिप्त' असे काहीतरी लिहिलेले सापडेल, आणि घात होतो तो तेथेच. 'ब्रीफ' निव्वळ लांबी सांगते. त्यात ना स्तुती ना निंदा. 'टर्स' हे लॅटिनमधील 'पुसून स्वच्छ केलेले' या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. ज्यात पाल्हाळ नाही, एकही शब्द जादा नाही, ते टर्स. पूर्वी तारेत शब्दागणिक पैसे पडत. तारेचे उत्तर टर्सच असावयाचे. ते वाचून कोणी रागावत नसे. भारतातील तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली, पण टर्स उत्तर कसे असते याचा तिच्याइतका चांगला नमुना दुसरा मिळणार नाही. मात्र एवढे खरे की आजच्या इंग्रजीत समोरासमोरच्या बोलण्याला टर्स म्हटले तर त्याला किंचित कोरडेपणाचा वास येतो. 'पिथी' म्हणजे ज्यात गाभाच गाभा आहे ते. आपले 'मार्मिक' त्याच्या शेजारी बसते, कारण आपणही मर्माचीच गोष्ट करतो.

'लॅकॉनिक' या शब्दाला तर इतिहास आहे. ग्रीस देशातील स्पार्टा हे नगर ज्या प्रांतात होते त्याचे नाव लॅकोनिया. तेथली माणसे मोजके बोलण्याबद्दल प्रसिद्ध. अलेक्झांडरचा बाप फिलिप याने त्यांना धमकी पाठविली, की मी एकदा तुमच्या मुलखात शिरलो तर तुमचा धुव्वा उडवीन. स्पार्टावाल्यांनी उत्तर पाठविले ते एकाच शब्दाचे : 'जर'. प्राचीन लेखकांनी सांगितलेली ही आख्यायिका आहे, पण तिने एका प्रांताच्या नावाचे विशेषण करून ठेवले. लॅकॉनिक उत्तरात थोडक्या शब्दांबरोबर एक स्थिर, न डगमगणारा माणूस दिसतो.

आणि 'कर्ट'? तेही लॅटिनच, मूळ अर्थ 'तोडून आखूड केलेले'. आपल्या 'तुटक' या शब्दात तीच प्रतिमा आहे. कर्ट उत्तर देणाऱ्याला पुढे बोलावयाचे नसते. प्रश्न विचारणाऱ्याला तो दारातूनच परत लावतो. त्याच्या पुढची पायरी 'ब्रस्क'. त्यात घाई आणि खडबडीतपणा असतो. म्हणजे शब्द तेवढेच, लांबी तेवढीच, परंतु माणूस वेगळा.

आमच्या गावाकडे असा संवाद रोज होतो : 'काल काहून आला नाई रे?' 'काम होतं.' संपले. विचारणाऱ्याला राग नाही, सांगणाऱ्याच्या मनात आढी नाही. दोघे पुढच्या क्षणी कपाशीच्या भावावर बोलू लागतात. हे उत्तर टर्स आहे; फार तर लॅकॉनिक म्हणा. तेच जर तो म्हणाला असता, 'तुले काय करा लागते?' तर ते कर्ट झाले असते, किंबहुना रूड. शब्द मोजून हा फरक सापडत नाही; उलट दुसरे उत्तर पहिल्यापेक्षा लांब आहे.

हा भेद केवळ कोशातला नाही. माझ्या ओळखीचा अचलपूरकडचा एक मुलगा नोकरीच्या मुलाखतीसाठी दूरच्या एका मोठ्या शहरात गेला होता. 'इतक्या लांब का आलात?' असे त्याला इंग्रजीत विचारले गेले. त्याने उत्तर दिले, 'बिकॉज आय नीड द जॉब.' मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकाने शेवटी त्याला तोंडावरच सांगितले, की तुमची उत्तरे फार 'कर्ट' आहेत. मुलाने घरी येऊन कोश उघडला, तेव्हा त्याला त्या शब्दाचा अर्थ कळला. माझे मत विचाराल तर त्याचे उत्तर कर्ट नव्हते. ते 'कॅन्डिड' होते, म्हणजे मनात जे आहे ते निखळपणे सांगणारे. कर्ट उत्तर दार लावते. या उत्तराने तर त्याने आपल्या घरची गरज उघडी करून दाखविली होती. एकाच वाक्याला कर्ट म्हणा, माणूस नापास. कॅन्डिड म्हणा, माणूस पास. मग विशेषण निवडणे ही काय नुसती शब्दसंग्रहाची गोष्ट राहिली?

वऱ्हाडी बोली अशा गैरसमजाला जरा अधिकच सापडते. आपल्याकडे 'बरं का', 'म्हणजे असं बघा' अशा मऊ गाद्या वाक्याखाली फारशा घालत नाहीत. 'हाव' म्हणजे हाव आणि 'नाई' म्हणजे नाई. हीच सवय आपण इंग्रजीत नेतो, आणि ऐकणाऱ्याला 'येस' आणि 'नो' एवढेच ऐकू येते. इंग्रजी ही गाद्यांची भाषा आहे. 'नो'च्या पुढे 'आय अॅम अफ्रेड' लावले की तोच नकार 'ब्रीफ बट कर्टियस' होतो. हा 'बट'चा प्रयोगही शिकून ठेवण्यासारखा : दोन विशेषणे परस्परांचा तोल सांभाळतात तेव्हा इंग्रजी त्यांच्यामध्ये 'बट' घालते. 'टर्स बट फ्रेंडली', 'ब्लंट बट फेअर'. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांचे कीर्तन ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ऐकले असेल त्यांना ठाऊक असेल, की बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. हजारो माणसे एका आवाजात 'नाही' म्हणत. एकाक्षरी नसले तरी एकाच शब्दाचे उत्तर. त्याला कर्ट म्हणण्याचे धाडस कोण करील? इंग्रजीत त्याला शोभणारे विशेषण 'रिसाउंडिंग'; साऱ्या मैदानात घुमलेले. मोबाइलवर हल्ली उत्तरादाखल नुसता अंगठा येतो. तो टर्स की कर्ट हे ज्याने त्याने अंगठा कोणाचा आहे ते पाहून ठरवावे.

आता लेखाच्या आरंभी ज्याच्यापाशी गाडी अडली त्या 'इव्हेजिव्ह'कडे येतो. हे विशेषण केवळ कादंबरीत नसून कायद्यात आहे हे मला एका वकील नातलगांकडून कळले, आणि मग मी ते मूळ नियम काढून वाचले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आठवा आदेश आहे. दाव्याला प्रतिवादी जी कैफियत देतो तिच्यासंबंधीचे नियम त्यात आहेत. त्यातील चौथ्या नियमाचे शीर्षकच 'इव्हेजिव्ह डिनायल', म्हणजे उडवाउडवीचा नकार. समजा, अकोल्याच्या न्यायालयात एका शेतकऱ्याने अडत्यावर दावा लावला, की याने माझ्याकडून ५०,००० रुपये घेतले. अडत्याने कैफियतीत लिहिले, 'मी ५०,००० रुपये घेतलेले नाहीत.' वरवर पाहता हा स्वच्छ नकार आहे. पण त्याने ४९,००० घेतले असतील तरी हे वाक्य खरेच ठरते! नियम म्हणतो, असे चालणार नाही. ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग घेतला नाही असे तरी सांगा, नाहीतर किती घेतली ते सांगा. आणि पाचव्या नियमाप्रमाणे, जे विधान नेमकेपणाने नाकारलेले नाही ते सामान्यतः मान्य केले असे धरले जाते.

'इव्हेजिव्ह'ची इतकी चांगली व्याख्या मला कोणत्याही कोशात मिळाली नाही. इव्हेजिव्ह उत्तर खोटे असतेच असे नाही. ते प्रश्नाच्या अंगाला स्पर्श करून जाते, पण त्याच्या वर्मापाशी थांबत नाही. म्हणून उडवाउडवीच्या उत्तराला 'राँग' किंवा 'फॉल्स' म्हणणे चुकीचे. याच्या उलट जे उत्तर मुद्द्यावर बोट ठेवून ठाम हो किंवा ठाम नाही म्हणते ते 'कॅटेगॉरिकल'.

इव्हेजिव्हची भावंडे पुष्कळ आहेत, परंतु त्यांचे स्वभाव निराळे. 'नॉन-कमिटल' उत्तर देणारा पळत नाही. तो फक्त स्वतःला बांधून घेत नाही. आपल्याकडचे 'पाहू', 'असन बापा', 'होईन ना मंग' हे सगळे नॉन-कमिटल. मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी आपली अरुंद मार्गाची शकुंतला गाडी बंद पडली, तेव्हापासून ती पुन्हा केव्हा धावणार हा प्रश्न या भागात विचारला जात आहे. अशा प्रश्नांना सरकारी भाषेत एक ठरलेले उत्तर असते : 'विचाराधीन आहे'. त्यात नकार नाही, होकार नाही, तारीख तर नाहीच. हा नॉन-कमिटल उत्तराचा शुद्ध नमुना. 'गार्डेड' म्हणजे सावध. बोलणारा आपली बाजू सांभाळून बोलतो, आणि त्यात वावगे काही नाही. 'इक्विव्होकल' मात्र दुटप्पी. दोन अर्थ निघतील अशीच त्याची घडण असते. 'पर्फंक्टरी' म्हणजे आपले 'उरकल्यासारखे', आणि 'ग्लिब' म्हणजे तोंडातून घसरून आलेले, गुळगुळीत, विचार न करता दिलेले. तोंडी परीक्षेत मार्गदर्शिका पाठ करून आलेल्या विद्यार्थ्याची उत्तरे ग्लिब असतात. प्राध्यापकांना ती ओळखू येतात, फक्त ते बोलून दाखवीत नाहीत.

काही विशेषणे ओळखीची वाटतात आणि म्हणूनच फसवितात. 'ब्लंट' म्हणजे बोथट हे आपण शाळेत शिकलो. म्हणून 'ब्लंट रिप्लाय'चे 'बोथट उत्तर' केले तर अर्थाची उलटापालट होते. मराठीत बोथट ते, ज्याचा काही परिणाम होत नाही. इंग्रजीत ब्लंट उत्तर म्हणजे परखड, समोरच्याच्या भावनेची फारशी पर्वा न करता केलेले. सुरीला धार नाही म्हणजे ती नाजूकपणे कापत नाही, ठेचते. इंग्रजाच्या मनात हे ठेचणे आहे. तसेच 'ड्राय'. आपले 'कोरडे उत्तर' म्हणजे माया नसलेले. इंग्रजीत 'ड्राय रिप्लाय' म्हटले की बहुधा त्यात विनोद दडलेला असतो. बोलणारा स्वतः हसत नाही एवढेच. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, ज्यांना 'वऱ्हाडचे नबाब' म्हणत आणि जे १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष होते, त्यांची विनोदी वक्ते म्हणून ख्याती होती आणि ते आपली दैनंदिनी इंग्रजीत लिहीत. अशा माणसाच्या एखाद्या उत्तराला इंग्रजाने 'ड्राय' म्हटले असते तर ती दाद ठरली असती. ते वाचून आपण मात्र दादासाहेब रूक्ष होते असा समज करून घेऊ. 'शीपिश'मध्ये मेंढरू आहे, पण शीपिश उत्तर म्हणजे ओशाळवाणे उत्तर. 'लेम'चे मात्र सरळ भाषांतर जमते. लंगडे उत्तर दोन्ही भाषांत लंगडेच. 'कॉस्टिक' हे विशेषण ग्रीकमधील जाळणे या अर्थाच्या शब्दावरून आले. कॉस्टिक सोडा हाताला लागला म्हणजे काय होते हे ज्याला ठाऊक आहे त्याला कॉस्टिक उत्तराचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

शेवटी एक असे उदाहरण घेतो, की ज्यात उत्तराला कोणते विशेषण लावावयाचे या प्रश्नावर आपल्या अख्ख्या वऱ्हाडाच्या मालकीचा वाद झाला. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे प्रकरण माहीत असेल. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांनी त्याकडे शब्दांच्या बाजूने पाहावे.

वऱ्हाड मूळचा निजामाच्या राज्यातला. १८५३ मध्ये डलहौसीने, निजामासाठी ठेवलेल्या फौजेच्या खर्चाची बाकी पुढे करून, तो कारभारासाठी इंग्रजांच्या ताब्यात घेतला. मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा, असा हा त्रांगड्याचा संसार पन्नास वर्षे चालला. १९०२ च्या मार्चमध्ये लॉर्ड कर्झन हैदराबादला जाऊन निजाम मीर महबूब अली खान यांना भेटला, आणि वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपये खंडाने कायमचा इंग्रजांकडे द्यावा या प्रस्तावाला निजामाने होकार दिला. नोव्हेंबरात करार झाला आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला.

आता प्रश्न असा, की तो होकार कसा होता? 'विलिंग' की 'रिलक्टंट'? खुशीचा की नाइलाजाचा? सरकारी बाजूने तो खुशीचा. परंतु महबूब अली खान यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांनी २५ ऑक्टोबर १९२३ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग याला लांबलचक पत्र लिहून वऱ्हाड परत मागितला, तेव्हा आपल्या वडिलांचा होकार मोकळ्या मनाचा नव्हता, हा त्यांच्या मांडणीतला एक कळीचा मुद्दा होता. उत्तर 'फ्री' होते की नाही, या एका विशेषणावर अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हे जिल्हे कोणाचे हे तोलले जात होते असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

रीडिंगचे उत्तर ११ मार्च १९२५ रोजी आले. ते नकाराचे होते. निजामाने २० सप्टेंबर १९२५ रोजी पुन्हा लिहिले आणि आणखी एक पाऊल पुढे टाकले : परराष्ट्रीय व्यवहार सोडले तर आपण आणि ब्रिटिश सरकार बरोबरीचे आहोत, अशी भूमिका घेतली आणि या वादाच्या चौकशीसाठी एक आयोग नेमावा असे सुचविले. त्यावर २७ मार्च १९२६ रोजी रीडिंगने जे पत्र पाठविले ते हिंदुस्थानातील सगळ्या संस्थानिकांनी धडकी भरून वाचले. त्याचा आशय असा, की हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ता सर्वश्रेष्ठ आहे, कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करण्याचा हक्क नाही, आणि हे श्रेष्ठत्व केवळ तहांवर अवलंबून नसून स्वतंत्रपणे अस्तित्वात आहे. आयोगाची मागणीही नाकारली गेली.

या उत्तराला विशेषण कोणते? मी एका अभ्यासमंडळात हा प्रश्न टाकला तेव्हा पहिले उत्तर आले 'कर्ट'. पण पत्र थोडक्यात नाही; त्यात मुद्द्यांचा क्रमाने समाचार घेतलेला आहे. लांब पत्र कर्ट असू शकत नाही. दुसऱ्याने 'रूड' म्हटले. तेही बसत नाही; पत्राची भाषा दरबारी रिवाजाला धरून आहे. इव्हेजिव्ह तर अजिबात नाही. मुद्द्याला बगल न देता त्याने मुद्द्याचाच गळा धरला. 'ब्लंट' काही अंशी बसते, 'कॅटेगॉरिकल' अधिक बसते. माझ्या मते नेमका शब्द 'पेरेम्प्टरी'. ज्या उत्तरानंतर पुन्हा बोलण्याची मुभाच उरत नाही, जे उत्तर कमी आणि हुकूम जास्त असते, ते पेरेम्प्टरी. हे विशेषण सहसा वरून खाली येणाऱ्या उत्तरालाच लागते. निजामाने व्हाइसरॉयला तेच शब्द लिहिले असते तर इंग्रजांनी त्याला 'इन्सोलंट', म्हणजे उद्धट म्हटले असते. अधिकार असलेल्याचे पेरेम्प्टरी आणि नसलेल्याचे इन्सोलंट, हा फरक इंग्रजी शब्दकोश सांगत नाही, पण इंग्रजी राज्याने तो चांगलाच शिकविला.

कोणी 'फायनल' हे विशेषण सुचविले तर मी घेणार नाही. कारण दहाच वर्षांनी, १९३६ मध्ये, नवा करार झाला. त्यात वऱ्हाडावरचे निजामाचे सार्वभौमत्व कागदोपत्री मान्य करण्यात आले, त्याला 'हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम' असा किताब मिळाला आणि त्याचा थोरला मुलगा 'प्रिन्स ऑफ बेरार' झाला. कारभार होता तेथेच, नागपूरच्या सरकारकडे राहिला, आणि वर्षाचे २५ लाख रुपयेही चालू राहिले. अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्याला या बदलात आपला सारा पूर्वीसारखाच भरावा लागला. तेव्हा १९३६ च्या या उत्तराला होकार म्हणावे की नकार? इंग्रजीत त्यासाठी एक चांगले विशेषण आहे : 'टोकन'.